चर्चमधल्या बायकांचे मिशन-संघ: पैसा त्यांचा, निर्णय कोणाचा?

सायली_वाचते (धागाकर्ती)

मिशनरी म्हटलं की आपल्याला एक तर दाढीवाला पाद्री आठवतो, नाहीतर शाळेतली शिस्तीची मडमबाई. त्या मडमबाईंच्या बोटीचं भाडं कोणी भरलं, पगार कोणी दिला, दवाखाना कोणाच्या पैशातून उभा राहिला, हे सहसा कोणी विचारत नाही. शोधत गेलं की बऱ्याच ठिकाणी उत्तर एकच निघतं: चर्चमधल्या साध्या बायकांच्या वर्गणीतून.

मार्च १८६९. अमेरिकेत बॉस्टनमधल्या ट्रेमाँट स्ट्रीटच्या मेथडिस्ट (एक प्रोटेस्टंट पंथ) चर्चमध्ये भर पावसात मोजक्या बायका जमल्या आणि त्यांनी स्त्रियांची स्वतंत्र परदेशी मिशनरी सोसायटी काढली. वर्गणी किती, तर ‘आठवड्याला दोन सेंट आणि एक प्रार्थना’. मिशन बोर्डातल्या पुरुषांचं म्हणणं साधारण असं होतं की पैसे खुशाल जमवा, कुठे खर्चायचे ते आम्ही बघू. बायकांनी ते ऐकलं नाही. त्याच वर्षी त्यांनी दोघींना भारतात धाडलं: शिक्षिका इझाबेला थोबर्न आणि डॉक्टर क्लारा स्वेन. जानेवारी १८७० मध्ये दोघी मुंबईला उतरल्या. थोबर्नबाईंनी लखनौला मुलींची शाळा काढली, पुढे तिचंच कॉलेज झालं. स्वेनबाईंनी बरेलीला दवाखाना सुरू केला आणि १८७१ मध्ये रामपूरच्या नवाबाने बायकांच्या इस्पितळासाठी त्यांना आपली तिथली मालमत्ता देऊन टाकली.

आता याच्या चाळीस वर्षं आधीचं बघा. सिंथिया फरारबाई १८२७ मध्ये मुंबईत आल्या. अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेने भारतात पाठवलेल्या त्या पहिल्या अविवाहित बाई. १८३९ पासून १८६२ मध्ये वारेपर्यंत त्या अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवत होत्या. त्यांची शाळा पाहून आपण प्रभावित झालो, असं जोतीरावांनी स्वतः सांगून ठेवलंय. पण फरारबाईंना पाठवणारं, परवानगी देणारं, खर्च मंजूर करणारं बोर्ड सगळं पुरुषांचं होतं. अमेरिकन मराठी मिशन, म्हणजे या बोर्डाचं इथलं काम, ज्या काँग्रिगेशनल चर्चचं, त्या चर्चच्या बायकांनी स्वतःचं बोर्ड काढलं ते १८६८ मध्ये.

माझा मुद्दा असा. सुरुवात सगळ्यांचीच दानापासून झाली, ‘तिकडच्या बिचाऱ्या भगिनींसाठी’ म्हणून. पण जिथे पैशाची पेटी बायकांच्या हाती राहिली, तिथे काही वर्षांनी त्या वेगळंच विचारू लागल्या. औषध देतोय हे ठीक, पण ही बाई आजारी का पडतेय? शाळा काढली, पण मुलगी बाराव्या वर्षी शाळेतून नाहीशी का होते? आणि जिथे पेटी ‘मुख्य’ बोर्डाकडे गेली, तिथे स्त्रीसंघाकडे चहापाणी आणि सजावट उरली. हे सगळीकडे लागू पडतं का ते मला तपासायचंय. माहीतगारांनी भर घालावी.

खडूस_काका

लेख चांगला. फक्त एक शब्द शोधूनही सापडला नाही: धर्मांतर. दोन सेंट आणि प्रार्थना ठीक आहे हो, पण प्रार्थना कशासाठी होती?

टिंग्या

आलेच काका. मी वेफर्स घेऊन बसतो.

सायली_वाचते

काका, प्रार्थना लोक ख्रिस्ती व्हावेत यासाठीच होती. सोसायटीच्या उद्देशातच ते होतं, लपवलेलं नव्हतं. दवाखान्यात येणाऱ्या बाईला औषधासोबत बायबलमधली वचनं मिळायची. ते झाकून या बायकांचा इतिहास सांगता येत नाही. पण तेवढंच सांगून विषय मिटवला तर याच बायका पुढे स्वतःच्याच सरकारच्या अंगावर का गेल्या, याचा उलगडा होत नाही.

पोथीवाचक

धर्मांतराचा विषय निघालाच आहे तर आपल्या घरचंच उदाहरण घेऊ, पंडिता रमाबाईंचं. त्यांच्या कहाणीत पैसा आणि धर्म या दोन्ही दोऱ्या एकमेकींत गुंतल्या आहेत.

१८८३ मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. लगेच तिथल्या मठातल्या भगिनींशी, विशेषतः सिस्टर जेराल्डिनशी, वाद सुरू झाले. बाई आपल्याच बुद्धीने बायबल वाचते, चर्चच्या अधिकाऱ्यांचं ऐकत नाही, ही तक्रार. मग त्या अमेरिकेत गेल्या, गावोगाव बोलल्या, आणि डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टनमध्ये त्यांच्या मदतीसाठी असोसिएशन निघाली. दहा वर्षं पैसे पुरवायचं तिने कबूल केलं. त्या पैशावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन ही विधवांची शाळा सुरू झाली, पुढच्या वर्षी ती पुण्याला आली. अट अशी की शाळेत धर्मशिक्षणाची सक्ती नाही. सल्लागार कोण, तर रानडे, भांडारकर.

१८९३ मध्ये बोंब उठली की विधवा मुली रमाबाईंच्या खोलीत प्रार्थनेला बसतात. रमाबाईंचं म्हणणं: मी बोलावत नाही, पण माझं दार कोणाला बंदही करणार नाही. सल्लागार मंडळाने राजीनामे दिले. पुण्यातल्या वर्तमानपत्रांनी काय लिहिलं ते सांगायला नको.

गंमत बघा. इंग्लंडातले धर्माधिकारी म्हणत होते ही पुरेशी ख्रिस्ती नाही, आणि पुण्यातले म्हणत होते ही भलतीच ख्रिस्ती आहे. दोघांनाही खरी अडचण एकच होती: ही बाई कोणाच्याच हाताखाली काम करायला तयार नव्हती.

खडूस_काका

पोथीवाचक, वाक्य टाळीचं आहे, पण मुली बाटल्या हे खरंच ना? केडगावला तर पुढे उघड मिशनच झालं.

पोथीवाचक

खरंच. केडगावचं रमाबाईंचं मुक्ती मिशन उघडपणे ख्रिस्ती होतं, आजही आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात जाऊन मुली-बायका घेऊन आल्या. त्यांतल्या पुष्कळ जणी ख्रिस्ती झाल्या. यात दडपण किती, कृतज्ञता किती, स्वतःचा निर्णय किती, हे आज मोजता येणार नाही, आणि भुकेल्या माणसाने धर्म बदलला तर ती निवड निखळ म्हणायची का, हा प्रश्न मला रास्त वाटतो. मात्र त्या काळात त्या मुलींना घ्यायला दुसरं कोण रांगेत उभं होतं, हाही प्रश्न तितकाच रास्त आहे. दोन्ही विचारा.

दवबिंदू

पहिल्यांदाच लिहितेय, सांभाळून घ्या. सायलीताईंनी ‘स्वतःच्याच सरकारच्या अंगावर’ म्हटलंय त्याबद्दल.

१८९७ च्या प्लेगात पुण्यातल्या सरकारी इस्पितळात आणि छावणीत बायकांचे काय हाल होतात, यावर रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ला पत्र लिहिलं. प्रकरण पार्लमेंटपर्यंत गेलं. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी आरोप फेटाळले. ज्यांना सरकारचे हस्तक म्हणतात त्या मिशनरी गोटातून हे पत्र आलं होतं.

दुसरं नाव सुंदराबाई पवार. हे अजून कमी लोकांना माहीत असतं. मराठी ख्रिस्ती बाई, झनाना मिशनमध्ये (पडद्यातल्या बायकांच्या घरी जाणाऱ्या मिशनमध्ये) काम केलेली, पुढे काही काळ रमाबाईंची सहकारी, मग पुण्यात स्वतःची संस्था काढलेली. त्या इंग्लंडात जाऊन अफूच्या व्यापाराविरुद्ध व्याख्यानं देत फिरल्या. अफू हा हिंदुस्थान सरकारच्या तिजोरीचा मोठा आधार होता. पोरांना गप्प निजवण्यासाठी आया अफूची गोळी चाटवतात, हे झनान्यात घरोघर जाणाऱ्या बायकांना रोज दिसत होतं. पुरुष मिशनरी त्या खोल्यांपर्यंत पोचतच नव्हते. ‘अमुक वाईट आहे’ असं उपदेशाने सांगणं आणि ‘यातून मिळणारा महसूल तुमच्या तिजोरीत जातो’ असं त्या साम्राज्याच्या राजधानीत जाऊन सांगणं यात फार अंतर आहे. माझ्या लेखी दान आणि न्याय यांतली रेघ तिथे आहे.

तिसरं उदाहरण. केट बुशनेल आधी चीनमध्ये मेथडिस्ट मिशनच्या डॉक्टर होत्या. १८९१-९२ मध्ये एलिझाबेथ अँड्र्यू यांच्यासोबत त्या हिंदुस्थानातल्या लष्करी छावण्यांमधून फिरल्या. गोऱ्या सैनिकांसाठी सरकारी देखरेखीखाली चकले (कुंटणखाने) चालवायचे, बायकांची सक्तीने तपासणी करायची, ही पद्धत बंद व्हावी असा ठराव ब्रिटिश पार्लमेंटने १८८८ मध्ये केला होता. या दोघींनी छावण्यांत जाऊन थेट त्या बायकांशीच बोलून दाखवून दिलं की ते सगळं तसंच चालू आहे. १८९३ मध्ये लंडनमध्ये चौकशी समितीसमोर साक्षी झाल्या. माजी सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांनी आधी नाकारलं, नंतर जाहीर माफी मागितली.

टिंग्या

लॉर्ड रॉबर्ट्सने माफी मागितली? वेफर्स बाजूला ठेवले. अजून लिहा.

सायली_वाचते

दवबिंदू, पहिलाच प्रतिसाद आणि असा! सुंदराबाईंवर स्वतंत्र धागा काढाच.

‘त्या खोल्यांपर्यंत पोचतच नव्हते’ यावर थोडं. ‘बाईसाठी बाई’ हे या संघांचं घोषवाक्यच होतं. सुरुवातीला ते सोयीपुरतं होतं: पडद्यातल्या बायकांना पुरुष डॉक्टर चालत नाही, म्हणून बाई पाठवा. पण त्यामुळे माहिती बायकांकडे साठत गेली. बाळंतपणात कोण मरतं, कोणाला मारहाण होते, कोणाचं लग्न कितव्या वर्षी लागतं. वेल्लोरच्या आयडा स्कडर यांचं प्रसिद्धच आहे, एका रात्रीत तीन घरांतून बाळंतिणीसाठी बोलावणी आली, पुरुष डॉक्टर चालत नव्हता, तिघीही गेल्या. स्कडरबाई मग डॉक्टर होऊन परतल्या, आणि १९१८ मध्ये त्यांनी मुलींसाठी वैद्यकीय शिक्षण सुरू केलं. याला पैसा कुठून? १९२० नंतर अमेरिकन चर्चमधल्या बायकांनी आशियातल्या सात महिला कॉलेजांसाठी मोहीम काढली. वेल्लोर, मद्रासचं विमेन्स ख्रिश्चन कॉलेज आणि लखनौचं इझाबेला थोबर्न, ही भारतातली तीन त्यात होती. रॉकफेलर निधीची अट: तुम्ही वीस लाख डॉलर जमवा, आम्ही दहा लाख घालू. त्यांनी जमवले.

ॲड_निवांत

कायद्याच्या अंगाने एक भर. मला हे उदाहरण सगळ्यात आवडतं, कारण यात एकही अश्रू नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या मेथडिस्ट चर्चच्या स्त्री-विभागाला एक व्यावहारिक अडचण आली. त्यांच्या शाळा, वसतिगृहं, बैठका ठिकठिकाणी होत्या. दक्षिणेत काळ्या-गोऱ्यांना एकत्र बसवायचं म्हटलं की स्थानिक लोक म्हणायचे, कायद्याने मनाई आहे. खरंच आहे, की नुसती रूढी आहे? त्यांनी पॉली मरे या कृष्णवर्णीय वकील बाईंना हे शोधून काढायचं काम दिलं. लहानशी पुस्तिका होईल अशी अपेक्षा होती. मरेबाईंनी राज्याराज्यांचे वंशभेदाचे कायदे धुंडाळून सातशेहून जास्त पानांचा ग्रंथ केला. १९५१ मध्ये स्त्री-विभागाने तो छापला. नागरी हक्कांचे खटले लढणारे नामवंत वकील थर्गुड मार्शल त्याला नागरी हक्कांच्या वकिलांचं बायबल म्हणायचे. १९५४ मध्ये शाळांमधला वंशभेद घटनाबाह्य ठरला, त्या लढाईतल्या वकिलांच्या हाताशी हा ग्रंथ होता.

चर्चमधल्या बायकांनी खाऊ विकून जमवलेल्या पैशातून कायद्याचं संशोधन करून घेणं, हे आपल्याकडच्या कुठल्या महिला मंडळाला सुचेल? सुचलं तरी कार्यकारिणी मंजूर करेल?

रानजाई

निवांत, उदाहरण भारी आहे, पण या गोऱ्या बायकांची आरती फार लांबतेय म्हणून लिहिते.

१९३० मध्ये जेसी डॅनियल एम्स यांनी अटलांटात झुंडबळी रोखण्यासाठी दक्षिणेतल्या बायकांची संघटना काढली. कणा मेथडिस्ट आणि इतर चर्चच्या मिशनरी स्त्रीसंघांचा. त्यांचं म्हणणं खणखणीत होतं: आमच्या अब्रूच्या नावाखाली माणसं मारता, ते आम्हाला मंजूर नाही. गावोगावच्या शेरीफांकडून, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखांकडून, त्या लेखी वचन घ्यायच्या. धाडसाचंच काम. पण संघटनेत प्रवेश फक्त गोऱ्या बायकांना. आणि झुंडबळीविरुद्ध केंद्रीय कायदा करायची वेळ आली तेव्हा एम्सबाईंनी त्याला पाठिंबा दिला नाही, राज्यांनीच बघावं म्हणाल्या. आयडा वेल्स ही कृष्णवर्णीय पत्रकार हेच सगळं १८९२ पासून ओरडून सांगत होती, तिचं छापखान्याचं कार्यालय जमावाने फोडलं. तिला कोणत्या मिशन-संघाने बोलावलं होतं?

आणि कृष्णवर्णीय चर्चमधल्या बायकांचे स्वतःचे संघ होतेच की. आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चमध्ये १८७४ पासून. नॅनी हेलन बरोज यांनी १९०० मध्ये बाप्टिस्टांच्या अधिवेशनात भाषण केलं, ‘भगिनींना मदत करण्यापासून कसं अडवलं जातं’ या विषयावर. तेव्हा त्या विशीत होत्या. १९०९ मध्ये त्यांनी वॉशिंग्टनमध्ये मुलींची प्रशिक्षण शाळा काढली. पुढे त्या बाप्टिस्ट संघटनेतल्या पुरुषांशी भांडण कशावरून झालं? शाळेची मालकी कोणाच्या नावावर, यावरून. सायली, तुझ्या पेटीच्या मुद्द्याला यापेक्षा सरळ पुरावा नाही.

सायली_वाचते

रानजाई, पूर्ण मान्य. ‘आपल्या भगिनी’ म्हणताना कोण भगिनी आणि कोण दासी, हे ठरवणारी गोरी बाईच असायची. भारतातही मिशनच्या बंगल्यात मडमबाईंना मानाची खुर्ची असायची, आणि ऊन-पाऊस न बघता गावं तुडवणाऱ्या, प्रसंगी दगड खाणाऱ्या इथल्या ‘बायबलवाल्या बाई’ला तुटपुंजा पगार. अहवालात तिचं नावही धड येत नाही. मला तर वाटतं खरा इतिहास तिचा आहे.

आता पेटी गेल्यावर काय झालं तेही सांगते. १९२३ मध्ये अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन चर्चने कारभार सुटसुटीत करायचा म्हणून बायकांची मिशन बोर्डं मुख्य बोर्डांत विलीन केली. गावोगावच्या ज्या बायकांनी पन्नास वर्षं पैसा जमवला होता, त्यांना कोणी विचारलं नाही. कुरबुर इतकी वाढली की १९२७ मध्ये चर्चलाच अहवाल मागवावा लागला, ‘चर्चमधल्या बायकांत अस्वस्थता का आहे’ यावर. त्याच साली काँग्रिगेशनल बायकांचं ते १८६८ चं बोर्डही अमेरिकन बोर्डात विरलं, म्हणजे अहमदनगर-सोलापूरला पैसा पाठवणारं.

याउलट मेथडिस्ट बायकांनी वेळोवेळी फेररचना झाल्या तरी स्वतःचा निधी सोडला नाही. १९५२ मध्ये त्यांनी वंशभेदाविरुद्ध आपली सनद काढली. १९६३ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघाच्या समोर चर्च सेंटरची इमारत उभी राहिली, आज तीही बायकांच्या मालकीची आहे. निवांत यांनी सांगितलेला ग्रंथही याच निधीतला. हा योगायोग नाही असं माझं मत.

खडूस_काका

मत ठीक. पण पैसा हातात असणारे सगळेच शहाणे होत नाहीत. आमच्या सोसायटीच्या फंडाचं काय झालं ते विचारा कधी.

मंडळीतली_मी

इतके दिवस वाचतच होते. मी स्वतः मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, स्त्रीसंघात आहे, आतून थोडं सांगते.

आमच्याकडे कार्यक्रम वर्षानुवर्षं ठरलेला. बुधवारी दुपारी प्रार्थना, आजाऱ्यांच्या भेटी, मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जागतिक प्रार्थना दिन, हंगामाच्या सणाला विक्री, नाताळात गरिबांना साड्या-ब्लँकेटं. या कामाला मी नावं ठेवणार नाही. एकट्या राहणाऱ्या म्हातारीकडे दर आठवड्याला कोणी जातं, हे छोटं नाही. पण एका वर्षी विक्रीचे पैसे आम्ही शिवणयंत्रांसाठी ठेवले होते, मंडळीतल्या काही घरांत नवरे दारूपायी कामावर जात नव्हते म्हणून. मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचकमिटीने परस्पर ठरवलं की आधी कुंपणाची भिंत. भिंत झाली. उद्घाटनाला नारळाच्या वड्या आम्हीच केल्या.

जागतिक प्रार्थना दिनाचं एक चांगलं आहे. दर वर्षी एका वेगळ्या देशातल्या बायका प्रार्थनेचा मजकूर लिहितात, आणि त्यात त्यांच्याकडचं युद्ध, पाणी, मजुरी, मारहाण हे सगळं येतं. बोधवाक्यच आहे, समजून प्रार्थना आणि प्रार्थनेसह कृती. आम्ही पहिल्या अर्ध्यात बऱ्या आहोत.

दुसरं, पेटीच्या विषयात कोणी मिझोरामचं कसं काढलं नाही? १९१० पासून तिथल्या प्रेस्बिटेरियन बायका प्रत्येक वेळी भात शिजवताना मूठभर तांदूळ बाजूला काढतात. आठवड्याला मंडळीतल्या बायका ते घरोघरून गोळा करतात, विकतात, पैसे चर्चला. शंभरावर वर्षं झाली, त्या चर्चच्या उत्पन्नाचा तो मोठा भाग आहे. अख्खी मिशनं त्यावर चालली. आणि त्या चर्चने स्त्रियांना पाळकपदाची (पाद्रीपदाची) दीक्षा मात्र दिलेली नाही.

टिंग्या

नारळाच्या वड्या वाचून हसू की रडू कळेना.

रानजाई

मंडळीतली_मी, +१. आणि एक थेट प्रश्न, राग मानू नका. साड्या-ब्लँकेटं ज्यांना वाटता त्या आणि वाटणाऱ्या यांच्यात जातीचं काय? मराठी ख्रिस्ती समाजात महार-मांग कुटुंबांतून आलेले पुष्कळ. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या, १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती अजून बाहेर. एकाच आजोबांच्या नातवंडांत एकाला सवलत आहे, दुसऱ्याला नाही. स्त्रीसंघाच्या प्रार्थनेत हा विषय येतो?

मंडळीतली_मी

राग कशाला. माझं घरही त्यातलंच. विषय येतो, पण कुजबुजत. घरकाम करणाऱ्या, सफाईकाम करणाऱ्या बायका संघात आहेत. त्यांच्या पोरांना कागदोपत्री जात सांगावी की धर्म, हा प्रश्न दर जूनमध्ये उभा राहतो. धर्म बदललेल्या दलितांना अनुसूचित जातीचा दर्जा द्यावा का हे तपासायला २०२२ मध्ये बालकृष्णन आयोग नेमला तेव्हा पुरुषांच्या सभेत चर्चा झाली, निवेदनावर सह्या झाल्या. स्त्रीसंघाला सह्यांना बोलावलं नाही, प्रार्थनेला बोलावलं. जातिभेद मंडळीत नाही असं व्यासपीठावरून सांगतात, लग्न जमवायची वेळ आली की कळतं.

पोथीवाचक

पैशाच्या विषयात एक भारतीय नाव राहिलं, शांती सॉलोमन. १९५६ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या ख्रिस्ती बायकांचा एक गट आशियात सलोख्यासाठी फिरत होता. युद्ध होऊन गेलेल्या कोरियाचा व्हिसा भारतीय म्हणून शांतीबाईंना मिळाला नाही. बाकीच्या गेल्या, त्या फिलिपाइन्सला थांबल्या. गट परतल्यावर त्यांनी कल्पना मांडली: ज्याच्याशी आपलं बिनसलंय त्याच्यासाठी प्रार्थना करायची आणि दर वेळी आपल्या देशातलं सगळ्यात लहान नाणं बाजूला टाकायचं. यातून ‘फेलोशिप ऑफ द लीस्ट कॉइन’ निघाली. आजही जगभर चालते, जमलेल्या पैशातून ठिकठिकाणच्या बायकांच्या कामाला मदत जाते.

बायबलात गरीब विधवेने दान केलेल्या दोन टोल्यांची (क्षुल्लक नाण्यांची) गोष्ट आहेच, पण यात पुढची एक खुबी आहे. नाणं सगळ्यात लहानच हवं, म्हणजे श्रीमंत बाईला जास्त टाकून मोठेपणा मिळवायची सोय नाही. देणारी आणि घेणारी असे दोन गट पडत नाहीत. रानजाईंचा जो आक्षेप आहे त्यावर निदान रचनेत तरी कोणी विचार केलेला दिसतो.

खडूस_काका

ही कल्पना मला आवडली. म्हणजे आवडली असं पहिल्यांदाच या धाग्यावर लिहितोय. भांडणाच्या वेळी नाणं टाकायचं असतं तर या संस्थळावर आजवर विहीर बांधून झाली असती.

ॲड_निवांत

काका फॉर्मात. परदेशी पैशाबद्दल एक सांगून ठेवतो, कारण तो काळ जवळजवळ संपलाय. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर अशी देणगी घ्यायची तर दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतच खातं हवं, मिळालेली रक्कम दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आहे. मोठ्या संस्थेकडे यायचे आणि तिथून गावच्या लहान स्त्रीसंघाला जायचे, ती वाट बंद झाली. तेव्हा इथून पुढे जे काही करायचं ते मंडळीतल्या बायकांच्या स्वतःच्या पैशावर.

मंडळीतली_मी, तुमच्या शिवणयंत्रांबद्दल: संघाच्या नावाने वेगळं बँक खातं आहे का? नसेल तर पैसे मंडळीच्या सर्वसाधारण खात्यात जातात आणि मग ते कशासाठी जमवले याला कागदावर काही आधार राहत नाही.

मंडळीतली_मी

वेगळं खातं नाही. खजिनदारबाई वहीत लिहितात, रोख पंचकमिटीकडे.

ॲड_निवांत

मग पहिलं काम तेच. तुमच्या चर्चच्या घटनेत स्त्रीसंघाला मान्यता आहे का ते बघा, बहुतेक असतेच. असेल तर खातं काढायचा ठराव संघाच्या सभेत करा, सह्या दोन पदाधिकारी बायकांच्या. आणि विक्रीच्या आधीच, नंतर नव्हे, सभावृत्तात लिहा की या विक्रीचे पैसे अमुक कामासाठी. पावतीवरही तेच छापा. उद्देश जाहीर करून गोळा केलेला पैसा भिंतीकडे वळवायला मग कमिटीलाही अवघड जातं. भांडायची गरज पडत नाही, नुसती वही दाखवायची.

सायली_वाचते

आणि वर्षाचा हिशेब उपासनेनंतर सगळ्या मंडळीसमोर वाचा. पुरुष मंडळीही ऐकतील.

मंडळीतली_मी

पाळक तसे चांगले आहेत, पाळकीणबाई तर आमच्याच बाजूच्या. वार्षिक सभा जवळ आली आहे. ठरावाचा मसुदा आज रात्री लिहून इथे टाकते, निवांत सरांनी भाषा बघावी.

खडूस_काका

टाका. शुद्धलेखन मी बघतो. आणि ‘शिवणयंत्र’ एकच शब्द, तोडू नका.